डेक्सा अहवालातले आकडे: टी-स्कोअर, झेड-स्कोअर आणि 'घट झाली' असं कधी म्हणायचं

सांख्यिक

हाडांच्या घनतेवरच्या धाग्यांमध्ये चर्चा दरवेळी टी-स्कोअरपाशी अडते, म्हणून फक्त आकड्यांसाठी वेगळा धागा काढतोय. औषधं, कॅल्शियम, व्यायाम इथे नको.

डेक्साच्या (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजण्याच्या तपासणीच्या) अहवालाच्या तक्त्यात साधारण पाच रकाने असतात: क्षेत्रफळ (चौ. सेंमी), बीएमसी म्हणजे खनिजाचं वजन (ग्रॅम), बीएमडी (ग्रॅम प्रति चौ. सेंमी), टी आणि झेड. यंत्र मोजतं फक्त पहिले दोन. बीएमडी हा त्यांचा भागाकार. टी आणि झेड कुठे मोजलेले नसतात, ते बीएमडीची एका संदर्भगटाशी तुलना करून काढलेले असतात.

टी = (तुमची बीएमडी − तरुण गटाची सरासरी) ÷ तरुण गटाचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप).

फीमोरल नेकसाठी, म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेसाठी, जगभर वापरला जाणारा संदर्भ अमेरिकेच्या एनहेन्स-३ सर्वेक्षणातल्या २० ते २९ वयाच्या गोऱ्या स्त्रियांचा आहे. होलॉजिक कंपनीच्या यंत्रावर सरासरी ०.८५८, प्रमाण विचलन ०.१२०. अहवालात नेकची बीएमडी ०.६४२ असेल तर ०.६४२ − ०.८५८ = −०.२१६, भागिले ०.१२०, टी = −१.८. एवढंच गणित आहे, कागदावर करून बघा.

झेडचं सूत्र तेच, फक्त तुलना त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या लोकांशी. त्यामुळे तिशीत टी आणि झेड जवळजवळ सारखे येतात आणि वय वाढेल तसे फाकत जातात. ऐंशीच्या घरात टी −२.८ आणि झेड −०.३ हे एकाच कागदावर सुखाने नांदतात. घनता वयाच्या मानाने नेहमीची आहे आणि तरीही ती ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं ठिसूळ होण्याच्या) रेषेखाली आहे, दोन्ही खरं.

रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या अहवालातल्या: −१.० आणि त्यावर सामान्य, −१.० आणि −२.५ यांच्या मध्ये ऑस्टिओपेनिया, −२.५ आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. ऋण चिन्हाने गोंधळतात बरेच जण: −२.७ हे −२.५ पेक्षा वाईट.

आता −१.० ची गंमत बघा. घनतेचं वितरण बऱ्यापैकी घंटाकृती असतं. त्यामुळे ठणठणीत तरुण स्त्रियांच्या संदर्भगटातच सुमारे १६ टक्के जणी −१ च्या खाली बसतात. व्याख्येनेच! −२.५ च्या खाली ०.६ टक्के. 'ऑस्टिओपेनिया' वाचून घाबरणाऱ्यांनी हा १६ चा आकडा लक्षात ठेवावा.

क्षकिरण

गणित बरोबर. पण प्रतिमा नीट नसेल तर त्या गणिताला काडीचा अर्थ नाही. अहवालासोबत छोट्या राखाडी प्रतिमा छापलेल्या असतात त्या कोणी बघत नाही. आधी त्या बघा.

कणा: चौकटीच्या मधोमध आणि सरळ हवा. खाली एल५ चा (कमरेच्या पाचव्या मणक्याचा) वरचा भाग, वर टी१२ चा (छातीच्या बाराव्या मणक्याचा) खालचा भाग दिसला पाहिजे, नाहीतर मणके मोजण्यातच एकाची चूक होते. एल१ समजून टी१२ धरला की सगळे आकडे घसरतात. पोटऱ्यांखाली चौकोनी ठोकळा ठेवतात तो कमरेचा बाक सपाट व्हावा आणि मणक्यांमधली फट दिसावी म्हणून.

खुबा: पाय १५ ते २५ अंश आत वळवून पट्ट्याने बांधतात. असं केल्याने हाडाची मान टेबलाला समांतर होते. पाय नीट वळला की नाही हे लेसर (lesser, म्हणजे धाकट्या) ट्रोकँटरवरून कळतं, हाडाच्या आतल्या बाजूचा तो लहान उंचवटा जेमतेम दिसला पाहिजे. ठसठशीत दिसला तर पाय कमी वळलाय. मान तिरकी पडली की सावली आखूड होते, तेवढंच खनिज लहान क्षेत्रफळात येतं आणि बीएमडी फुगते. पुढच्या वेळी कोणी पाय नीट वळवला की 'घट' दिसते. हाड जिथल्या तिथेच असतं.

खोट्या वाढीची इतर कारणं: पँटची धातूची चेन, ब्राचे हुक, खिशातलं नाणं, त्या दिवशी घेतलेली आणि अजून न विरघळलेली कॅल्शियमची गोळी, थोड्याच दिवसांपूर्वी पोटाच्या एक्स-रेसाठी दिलेलं बेरियम. आणि वयस्कांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे मणक्यांच्या कडांना आलेली हाडाची वाढ आणि महाधमनीच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियम. किरण शरीराच्या आरपार जातो, वाटेत जे जे कॅल्शियम लागेल ते सगळं मणक्याच्या खात्यावर जमा होतं.

मणका_चार

यावरूनच विचारतो. असा तक्ता समोर आला तर काय करायचं?

एल१: १०.४ ग्रॅम, १२.६ चौ. सेंमी, ०.८२५, टी −०.९
एल२: १२.० ग्रॅम, १३.६ चौ. सेंमी, ०.८८२, टी −१.३
एल३: १४.१ ग्रॅम, १५.२ चौ. सेंमी, ०.९२८, टी −१.४
एल४: १९.८ ग्रॅम, १६.५ चौ. सेंमी, १.२००, टी +०.८
एल१–एल४: ०.९७२, टी −०.७

शेरा 'सामान्य'. चौथा मणका एकटाच सगळ्यांना वर ओढतोय असं दिसतं. आणि चार बीएमडींची सरासरी मला ०.९५९ येते, ०.९७२ कशी?

क्षकिरण

सरासरी तशी काढत नाहीत. चारही मणक्यांचं खनिज एकत्र करून (५६.३ ग्रॅम) एकूण क्षेत्रफळाने (५७.९) भागतात, म्हणून ०.९७२. मोठा मणका जास्त वजन टाकतो.

शेजारच्या मणक्यांच्या टी-स्कोअरमध्ये १.० पेक्षा जास्त फरक असेल तर तो मणका वगळण्याचा विचार करायचा, असा आयएससीडीचा (हाडांच्या घनतामापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) संकेत आहे. इथे एल३ आणि एल४ मध्ये २.२ चा फरक आहे. प्रतिमेत एल४ च्या कडा पांढऱ्याशुभ्र दिसत असतील तर तो काढायचा. मग एल१–एल३: ३६.५ ÷ ४१.४ = ०.८८२. टी −०.७ वरून −१.२ च्या आसपास येईल. 'सामान्य'चा शेरा गेला.

दोन गोष्टी सांभाळा. मणका वगळल्यावर टी काढताना संदर्भही एल१–एल३ चाच लागतो, आणि तो सॉफ्टवेअरमध्ये असतो. हाताने एल१–एल४ च्या सरासरीशी तुलना करू नका. एल१ ची घनता नेहमीच कमी असते, त्यामुळे उत्तर विनाकारण वाईट येईल. दुसरं, किमान दोन मणके उरले पाहिजेत. एकाच मणक्यावर निदान करत नाहीत. दोनही धड उरत नसतील तर कणा सोडून खुबा आणि रेडियसवर (कोपर ते मनगट यांमधल्या हाडावर) जा.

उलटा प्रकारही असतो. एकच मणका एकदम 'दाट' आणि उंचीने बुटका दिसला तर तो दबून मोडलेला असू शकतो. खनिज तेवढंच, क्षेत्रफळ कमी, म्हणून बीएमडी जास्त. सगळ्यात कमजोर मणका आकड्यात सगळ्यात बळकट दिसतो. अशा वेळी बाजूने काढलेला एक्स-रे किंवा डेक्सावरचीच व्हीएफए, म्हणजे मणका मोडलाय का हे बघणारी तपासणी हवी.

अंतःस्राव

क्षकिरण यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड: किरकोळ पडण्यातून खुबा किंवा मणका मोडला असेल तर टी −१.५ असला तरी ते ऑस्टिओपोरोसिसच धरतात. तिथे आकड्याची वाट बघत नाहीत.

टी कोणाला लावायचा याबद्दल. −२.५ ची रेषा रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया आणि ५० वर्षांवरचे पुरुष यांच्यासाठी आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रिया, पन्नाशीच्या आतले पुरुष आणि मुलं यांच्यासाठी झेड बघतात. झेड −२.० किंवा खाली असेल तर 'वयाच्या अपेक्षित मर्यादेपेक्षा कमी' एवढंच लिहितात, ऑस्टिओपोरोसिस लिहीत नाहीत. मुलांच्या अहवालात टी छापलेलाच नसावा. ज्यांच्या हाडांची बांधणी अजून पूर्ण व्हायची आहे त्यांची तुलना पूर्ण वाढलेल्यांशी करून काय उपयोग? त्यांच्यात उंचीनुसार दुरुस्ती केलेला झेड लागतो.

वयस्कांमध्ये झेडचा उपयोग वेगळा. झेड −२ च्या खाली गेला की वयाच्या पलीकडचं काहीतरी शोधायचं: पॅराथायरॉइड, थायरॉइड, सीलियाक, स्टेरॉइड, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंड, मायलोमा. झेड बरा आहे म्हणून हे काहीच नसेल असं मात्र नाही.

कुठली जागा धरायची: कणा, टोटल हिप (अख्खा खुबा), फीमोरल नेक या तिघांतला सगळ्यात कमी टी. पॅराथायरॉइडची ग्रंथी जास्त काम करत असेल, वजन टेबलाच्या मर्यादेबाहेर असेल किंवा कणा-खुबा मोजता येत नसतील तर रेडियसचा एक-तृतीयांश भाग, जो अहवालात ३३ टक्के म्हणून येतो. खुब्याच्या तक्त्यात 'वॉर्ड' नावाची एक ओळ असते, तिचा टी बहुधा सगळ्यात वाईट असतो. ती निदानाला धरत नाहीत. इतका छोटा चौकोन, त्यात मोजणीची चूकच मोठी.

सांख्यिक

'तिघांतला सगळ्यात कमी' या नियमावर एक टिपणी. जितक्या जास्त जागा तपासाल तितकी एखादी रेषेखाली सापडण्याची शक्यता वाढते. एका जागेवर निरोगी तरुणींपैकी १६ टक्के −१ च्या खाली असतील तर तीन जागांपैकी कुठेतरी खाली असणाऱ्या त्याहून जास्त निघणार. जागांचा एकमेकींशी संबंध असतो म्हणून सरळ तिप्पट होत नाही, पण वाढतात हे नक्की. नियम व्यवहारासाठी ठीक आहे, पण एका जागेवरच्या −१.१ ला फार भाव देऊ नये.

कॅलिपर

पुरुषांच्या टी-स्कोअरबद्दल विचारायचं होतं. काही अहवालात संदर्भ 'पुरुष' लिहिलेला असतो, काहींत 'स्त्री'. हे छापताना चुकतं का?

अंतःस्राव

छपाईची चूक नाही, यात बदल झालेला आहे. आयएससीडी आता पुरुषांसाठीही तरुण स्त्रियांचाच संदर्भ सुचवते, वंशानुसार दुरुस्ती न करता. कारण तेवढ्याच बीएमडीला मोडण्याचा धोका दोघांत साधारण सारखा आढळतो. तरुण पुरुषांची सरासरी वरची असते, त्यामुळे पुरुषांच्या संदर्भाने काढलेला टी जास्त खाली येतो आणि जास्त पुरुष −२.५ च्या पलीकडे जातात.

कॅलिपर

मला हे पटत नाही. पुरुषाला त्याच्याच तारुण्यातल्या शिखराशी ताडायला हवं, नाहीतर टी या कल्पनेचाच पाया सुटतो.

सांख्यिक

तसं बघितलं तर टी ही अंतर मोजायची पट्टी आहे, शून्य कुठे ठेवायचा हा संकेत. धोका बीएमडीशी बांधलेला असेल तर सगळ्यांना एकच शून्य असणं सोयीचं. पण तुमच्या हरकतीतून एक कामाची गोष्ट निघते: संदर्भ बदलला की बीएमडी जशीच्या तशी राहून टी बदलतो. सॉफ्टवेअर नवं आलं, संदर्भसंच बदलला, नोंदणीत लिंग किंवा जन्मवर्ष चुकीचं पडलं, तरी टी किंवा झेड हलतो. म्हणून दोन अहवालांची तुलना टी-स्कोअरने करूच नये. तुलना ग्रॅम प्रति चौ. सेंमीची.

मणका_चार

आणि तिथे किती फरक खरा मानायचा?

सांख्यिक

धाग्याचा मूळ हेतू हाच होता, जरा सविस्तर लिहितो.

एकाच माणसाला दोनदा टेबलावर झोपवून मोजलं तर आकडे तंतोतंत जुळत नाहीत. या चुकीचं प्रमाण विचलन प्रत्येक केंद्राने स्वतः काढायचं असतं. पद्धत: ३० जणांची दोनदा किंवा १५ जणांची तीनदा मोजणी, आणि दर मोजणीच्या मध्ये माणूस टेबलावरून खाली उतरून पुन्हा चढलेला हवा. प्रत्येकाचं प्रमाण विचलन काढायचं (दोनच मोजण्या असतील तर फरक भागिले √२), त्यांचे वर्ग करून सरासरी, मग वर्गमूळ. हा झाला त्या केंद्राचा अचूकता-दोष.

आता फरक दोन मोजण्यांचा आहे, दोन्हींत चूक आहे, म्हणून √२. ९५ टक्के खात्री हवी म्हणून १.९६. गुणाकार २.७७. अचूकता-दोष × २.७७ = एलएससी, म्हणजे खरा मानता येईल असा लहानात लहान फरक.

उदाहरण. टोटल हिप आधी ०.८२६, दोन वर्षांनी ०.८०४. घट ०.०२२, म्हणजे २.७ टक्के. एनहेन्सच्या टोटल हिप संदर्भाने (सरासरी ०.९४२, विचलन ०.१२२) टी −१.० वरून −१.१ झाला, आणि शेरा 'सामान्य' वरून 'ऑस्टिओपेनिया'. घरात चिंता. केंद्राचा दोष ०.०१० असेल तर एलएससी ०.०२८. घट त्याच्या आत आहे. यावरून 'घटली' म्हणता येत नाही, 'घटली नाही' असंही म्हणता येत नाही. फरक मोजणीच्या गोंगाटात बुडालाय, इतकंच.

दोष किती चालतो याची कमाल मर्यादाही आयएससीडीने दिली आहे: कणा १.९ टक्के, टोटल हिप १.८, फीमोरल नेक २.५. एलएससी अनुक्रमे ५.३, ५.० आणि ६.९ टक्के. नेकची एलएससी सगळ्यात मोठी, म्हणून निदानाला नेक चालतो पण पाठपुराव्याला कणा किंवा टोटल हिप बरा.

यातूनच तपासणी किती काळाने करायची तेही कळतं. घट वर्षाला एखादा टक्का आणि एलएससी तीन टक्के असेल तर वर्षभरात पुन्हा मोजून हाती काही लागत नाही. मोठ्या मात्रेत स्टेरॉइड सुरू असतील तर घट झपाट्याने होते, तिथे सहा महिने ते वर्षात मोजण्यात अर्थ आहे.

क्षकिरण

एक फसवणूक नेहमी चालते, मुद्दाम नसेल पण चालते. केंद्राला एलएससी विचारली की यंत्राच्या माहितीपत्रकातला 'अचूकता १ टक्का' दाखवतात, किंवा फँटमच्या (यंत्र तपासायला रोज मोजतात त्या नकली हाडाच्या) रोजच्या नोंदी. फँटम हलत नाही, त्याचे पाय वळवावे लागत नाहीत, त्याचं वजन वाढत नाही. त्याच्या नोंदी यंत्र सरकलंय का हे सांगायला असतात. माणसांवरचा दोष त्याहून मोठाच असणार, आणि तंत्रज्ञ बदलला की तोही बदलतो. दोन-तीन तंत्रज्ञ असतील तर प्रत्येकाने आपला दोष काढून त्यांची सरासरी वापरायची असते.

दुसरं, तुलना करताना दोन्ही वेळी हाडाभोवती आखलेल्या चौकटी सारख्या आहेत का ते क्षेत्रफळाच्या रकान्यात बघा. बीएमडी बदलली आणि क्षेत्रफळही चांगलंच बदललं, तर हाडाआधी चौकटीवर संशय घ्या. मोठ्या माणसाच्या मणक्याचं क्षेत्रफळ दोन वर्षांत वाढत नाही.

घनफळ

'घनता' हा शब्द इथे जरा सैल वापरलेला आहे. ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर ही खरी घनता नव्हेच. १ सेंमी बाजूचा घन घ्या, १ ग्रॅम वजनाचा. सावली १ चौ. सेंमी, डेक्साची बीएमडी १. आता त्याच पदार्थाचा २ सेंमी बाजूचा घन: वजन ८ ग्रॅम, सावली ४ चौ. सेंमी, बीएमडी २. पदार्थ तोच, आकडा दुप्पट. म्हणून बारीक चणीच्या माणसांची बीएमडी मुळातच कमी दिसते आणि थोराड हाडांची जास्त.

कॅलिपर

मग लहान चणीच्या माणसाचा −२.५ आणि धिप्पाड माणसाचा −२.५ यांत धोका वेगळा?

घनफळ

पूर्ण वेगळा नाही, कारण मोठं हाड खरोखरच जास्त भार सोसतं. क्षेत्रीय बीएमडीत आकाराचा थोडा अंश मिसळलेला असल्यामुळेच ती मोडण्याचा अंदाज बऱ्यापैकी देते. अडचण येते ती टोकाच्या उंचीला आणि मुलांमध्ये.

अंतःस्राव

धोक्याचा आकडा टीमधून थेट काढू नका. त्यासाठी फ्रॅक्स हे हाड मोडण्याचा धोका काढणारं गणनसाधन आहे, शेफील्ड विद्यापीठातून २००८ मध्ये आलेलं. ४० ते ९० वयासाठी, पुढच्या दहा वर्षांतली शक्यता सांगतं. त्यात बीएमडी फक्त फीमोरल नेकची भरायची, कण्याची नाही. थेट बीएमडी भरत असाल तर यंत्राची कंपनी निवडावीच लागते. आधीचं फ्रॅक्चर, आई-वडिलांचा मोडलेला खुबा, स्टेरॉइड, धूम्रपान वगैरे हो/नाही मध्ये घेतं, त्यामुळे दोन फ्रॅक्चर आणि एक फ्रॅक्चर त्याला सारखेच. वारंवार पडण्याचा इतिहास मूळ गणितात नाही, हे डॉक्टरने आपल्या डोक्याने जोडायचं.

सांख्यिक

खुब्याच्या घनतेत एक प्रमाण विचलन घट झाली की खुबा मोडण्याचा धोका सुमारे २.६ पट होतो, हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. ते समवयस्कांमधल्या तुलनेचं आहे आणि त्याचा अर्थ चुकवतात. झेड −१ असणाऱ्याचा धोका झेड ० असणाऱ्याच्या २.६ पट, बरोबर. पण 'सरासरी माणसाच्या' २.६ पट नव्हे. गटाच्या सरासरी धोक्यात खालच्या टोकाची मंडळी खूप भर घालतात, त्यामुळे झेड ० असलेल्याचा धोका गटाच्या सरासरीपेक्षा कमी, सुमारे ०.६३ पट भरतो. म्हणून झेड −१ चा धोका गटाच्या सरासरीच्या २.६ × ०.६३, म्हणजे साधारण १.६ पटच. घाबरवायचं असेल तर पहिला आकडा सांगतात.

मणका_चार

शिबिरात टाचेच्या अल्ट्रासाऊंडवर टी छापून देतात, त्याला हीच −२.५ ची रेषा?

क्षकिरण

नाही. ते यंत्र ध्वनीचा वेग आणि क्षय मोजतं, खनिजाचं वजन नाही. त्याच्या टी-स्कोअरला डब्ल्यूएचओच्या रेषा लावायच्या नाहीत. तिथे आकडा खाली आला तर डेक्सा करून घ्यावी.

कॅलिपर

शेवटचं. आधीची तपासणी ल्युनार या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर, आत्ताची होलॉजिकवर. काही करता येतं?

क्षकिरण

तुलना म्हणून काही नाही. हाडाची कड ओळखण्याची आणि खनिज मोजण्याची दोघांची रीत वेगळी, त्यामुळे कण्याचा आकडा ल्युनारवर साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी जास्त येतो. रूपांतराची सूत्रं आहेत, पण ती गटासाठी ठीक, एका माणसाच्या तीन टक्के फरकासाठी निरुपयोगी. एकाच कंपनीची दोन यंत्रं असली तरी तीच माणसं दोन्हीवर मोजून जुळणी केलेली नसेल तर आकडे जोडता येत नाहीत. आत्ताची तपासणी नवी सुरुवात धरा आणि पुढची त्याच टेबलावर करा. अहवालावर यंत्राचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कोणता खुबा मोजला, कोणते मणके धरले आणि केंद्राची एलएससी हे छापलेलं नसेल तर तिथल्या तिथे मागून पेनाने लिहून घ्या, नंतर कोणी शोधून देत नाही.